नागऱ्यातल्या दुकानासाठी ऑर्गेनिक सुती मॅटर्निटी शर्ट: कुठून आणाल, कितीला पडेल

तिरुपूरचा कारखानदार फोनवर नगाला ४८० रुपये सांगतो. तोच नग तुमच्या गोंदियाजवळच्या नागऱ्यातल्या दुकानाच्या फळीवर येईपर्यंत ६२० च्या घरात जातो. दर उदाहरणासाठी धरला आहे, पुढे त्याचा पूर्ण हिशेब दिला आहे. मधले १४० रुपये कुठे जातात हे ऑर्डर देण्याआधी समजलं पाहिजे. आणि ज्या ‘ऑर्गेनिक’ शब्दासाठी तुम्ही जास्त पैसे मोजता, तो शब्द गिऱ्हाइकापुढे उच्चारायचा हक्क तुम्हाला कोणत्या कागदाने मिळतो, हेही.

आधी बाजार पाहा. गोंदियात बाई गंगाबाई महिला रुग्णालयाच्या आणि खासगी प्रसूतिगृहांच्या आसपासच्या दुकानांत जा. साधी फीडिंग नाइटी, चेनवाली फीडिंग कुर्ती आणि पुढून बटणांचा सैल शर्ट, तिन्हींचे भाव वहीत लिहून आणा. तुमचा माल या भावांच्या दुपटीला बसणार असेल, तर १०० नगांच्या वर जाऊ नका. या मालाचं गिऱ्हाईक गोंदियात आहे, पण थोडं आहे. नोकरी करणाऱ्या बायका, पहिलटकरणीच्या माहेरचे लोक, डोहाळजेवणाला भेट नेणाऱ्या मैत्रिणी. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या शिवमंदिराशी गर्दी होते म्हणून हा माल भरण्यात अर्थ नाही. ते गिऱ्हाईक वेगळं असतं.

माल कुठे मिळेल

गोंदिया धानाचा जिल्हा आहे. कापूस इथला नाही, ऑर्गेनिक कापडाची ठोक पेठही नाही. तुमच्यापुढे चार वाटा आहेत.

तिरुपूर ही सर्वांत सरळ वाट. होजिअरीचं, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या विणीचं कापड आणि शिवण एकाच गावात होते. मॅटर्निटी शर्टाला ताण लागतोच, म्हणून बहुतेक माल तिथूनच येतो. अडचण किमान ऑर्डरची. निर्यात करणारे मोठे कारखाने एका डिझाइनच्या एका रंगात काहीशे नगांखाली बोलत नाहीत. लहान युनिट ५० ते १०० नगांवर तयार होतात, पण त्यांच्याकडे स्वतःचं प्रमाणपत्र आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे ज्यांच्याकडे तयार स्टॉक आहे असा प्रमाणित उत्पादक. रंग त्याच्याकडचे तीन-चार, माप त्याचं, पण नग तुम्हाला हवे तेवढे.

तिरुपूरच्या खादरपेठेत निर्यातीतून उरलेला माल स्वस्तात मिळतो. काही नगांवर ऑर्गेनिकचा टॅगही दिसेल. तो टॅग तुमच्या कामाचा नाही. उरलेला माल दोन-तीन हातांतून फिरलेला असतो, प्रमाणपत्राची साखळी तुटलेली असते. साधा सुती माल म्हणून घ्यायचा तर घ्या, ऑर्गेनिक म्हणून विकू नका.

दुसरी वाट वर्ध्याची. मगन संग्रहालयाची मगन खादी ऑर्गेनिक कापूस आणि नैसर्गिक रंगांसाठी ओळखली जाते. नागपूरमार्गे रेल्वेने एका दिवसात जाऊन कापड हाताने पाहून येता येतं, हा मोठा फायदा. पण खादी ताणली जात नाही. शर्टाला योकखाली भरपूर चुण्या आणि बाजूला नाडी हवी, नाहीतर सातव्या महिन्यात तो पोटावर बसणार नाही. कापड शिवण्याआधी धुऊन घ्या. नैसर्गिक रंगांत हळदीचा पिवळा उन्हात लवकर विटतो, आणि पिवळ्यावर निळीचा हात देऊन केलेला हिरवाही त्याच्याबरोबर बदलतो. डोहाळजेवणासाठी हिरवाच विकला जाणार, तेव्हा रंग कशापासून केला आहे ते विचारूनच घ्या. तुमच्या लेबलावर ‘खादी’ लिहायचं असेल तर खादी आयोगाचं खादी मार्क लागतं. ते नसेल तर ‘हातमागाचं सुती’ एवढंच लिहा, आणि तेही खरं असेल तरच.

तिसरी वाट मध्य प्रदेशची. ऑर्गेनिक कापसाच्या उत्पादनात हे राज्य देशात आघाडीवर राहिलं आहे, निमाडच्या खरगोन भागात त्याची शेती आहे आणि इंदूरजवळच्या पीथमपूरला सुतापासून शिवणीपर्यंतचे मोठे कारखाने आहेत. पण तिथल्या ऑर्डरी हजारोंच्या असतात. तालुक्यातले पाच-सात दुकानदार एकत्र येणार असाल तरच तिकडे वळा.

नागपूरचा गांधीबाग ही चौथी वाट. सुती कापड हवं तेवढं मिळेल. ‘ऑर्गेनिक आहे’ असं दुकानदार तोंडी सांगेल. कागद मागा, आणि कागद नसेल तर त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

कोणता कागद मागायचा

रंगवलेला, धुतलेला, तयार शर्ट हातात घेऊन तो ऑर्गेनिक आहे की नाही हे कोणीही सांगू शकत नाही. प्रयोगशाळेत जनुकीय बदलाच्या बियाण्याचा अंश तपासता येतो, पण रंगाई-धुलाईनंतर तो अंश सापडेलच याची खात्री नसते. म्हणून सगळी मदार कागदांवर आहे. ते दोन आहेत.

पहिलं स्कोप सर्टिफिकेट. कारखान्याला जीओटीएस म्हणजे ग्लोबल ऑर्गेनिक टेक्स्टाइल स्टँडर्डखाली कोणत्या कामासाठी मान्यता आहे, ते यात लिहिलेलं असतं. मुदत साधारण वर्षाची. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका. जीओटीएसच्या संकेतस्थळावर सार्वजनिक यादी आहे. कारखान्याचं नाव, परवाना क्रमांक, मुदत आणि कामाचा प्रकार तिथे जुळवा. कामाच्या प्रकारात ‘सूतकताई’ किंवा ‘रंगाई’ एवढंच असेल आणि शिवण नसेल, तर त्या कारखान्याचा शर्ट प्रमाणित नाही.

दुसरं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘टीसी’. तुमच्या बिलातले तुमचे नग प्रमाणित आहेत असं सांगणारा कागद हाच. बहुतेक विक्रेते स्कोप दाखवून वेळ मारून नेतात. स्कोप कारखान्याचं असतं, टीसी मालाचं. टीसी माल निघाल्यावर निघते आणि प्रमाणन संस्था तिचं शुल्क घेते. ते शुल्क कोण भरणार, हे भाव ठरवतानाच लिहून घ्या. लहान ऑर्डरीला विक्रेता ‘टीसी परवडत नाही’ म्हणतो. तेव्हा शुल्क तुम्ही द्या, पण टीसी घ्या.

ही काळजी उगाच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जीओटीएसनेच भारतात खोट्या टीसींच्या आधारे सुमारे २०,००० टन कापूस ऑर्गेनिक म्हणून खपवल्याचं उघड केलं आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली.

टक्केवारीही पाहा. जीओटीएसच्या ‘ऑर्गेनिक’ लेबलासाठी किमान ९५ टक्के ऑर्गेनिक धागा लागतो. किमान ७० टक्के असेल तर ‘मेड विथ ऑर्गेनिक’ हे खालचं लेबल मिळतं. मॅटर्निटी शर्टात ताणासाठी लायक्रा घालतात. ९५ टक्के कापूस आणि ५ टक्के लायक्रा चालतो. ९२ आणि ८ झालं की लेबल बदलतं, आणि भावही बदलला पाहिजे.

आता ज्या खुणा ऑर्गेनिकच्या म्हणून पुढे केल्या जातात पण नसतात, त्या. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे तयार कपड्यात घातक रसायनं मर्यादेत आहेत. बाळंतिणीच्या कपड्याला ते चांगलंच, पण कापूस कसा पिकवला याच्याशी त्याचा संबंध नाही. बेटर कॉटन ऑर्गेनिक नाही. कस्तुरी कॉटन भारत ही भारतीय कापसाच्या प्रतीची खूण आहे. हँडलूम मार्क हातमागाची. जैविक भारतचं चिन्ह खाद्यपदार्थांचं आहे, कपड्यावर दिसलं तर तो विक्रेता सोडा.

देशी माल हवा असेल तर ‘शिवण कुठे झाली’ हा प्रश्न वेगळा विचारा आणि उत्तर बिलावर घ्या. बांगलादेशात शिवलेला मालही भारतीय पेठांत फिरतो, आणि आयात मालावर मूळ देश लिहिणं बंधनकारक आहे.

गावातच शिवून घेतलं तर

हा विचार सगळ्यांच्या मनात येतो, आणि तो चांगला आहे. प्रमाणित कापड आणायचं, गोंदिया-नागऱ्यातल्या बचतगटातल्या बायकांकडून शिवून घ्यायचं. वाहतूक कमी, मापं आपल्या हातात, पैसा गावात. उदाहरणाचा हिशेब असा: २ मीटर कापड १९० रुपयांनी ३८०, त्यावर ५ टक्के जीएसटी १९, शिवणाई १२०, चेन आणि बटणं २५. एकूण ५४४, वाहतूक सोडून.

पण शिवणारं युनिट प्रमाणित नसेल तर साखळी तिथेच तुटते. त्या शर्टावर जीओटीएसचं चिन्ह, नाव, परवाना क्रमांक, काहीही छापता येत नाही. कापड कितीही खरं असलं तरी. काही शिवण-ठेकेदार सुटी छापील लेबलं ‘लावून देतो’ म्हणतात. हा शॉर्टकट घेऊ नका. तुमच्याकडे कापडाची टीसी असेल तर ती जपून ठेवा, गिऱ्हाईक विचारेल तेव्हा दाखवा, आणि लेबलावर फक्त ‘१०० टक्के सुती’ लिहा. माझ्या मते लहान दुकानासाठी हीच वाट सर्वांत टिकाऊ आहे, कारण इथलं गिऱ्हाईक प्रमाणपत्रापेक्षा कापडाचा मऊपणा आणि चेन कुठे आहे ते आधी पाहतं.

चेनीवरून आठवलं. चेन, टिचबटणं, हुक निकेल-फ्री मागा. निकेलची ॲलर्जी अनेकांना असते, आणि हा धातू आईच्या त्वचेला आणि बाळाच्या गालाला लागणार आहे. चेनीच्या मागे कापडाची पट्टी असलीच पाहिजे.

४८० चे ६२१ कसे होतात

१०० नगांची ऑर्डर धरू. कारखान्याचा दर ४८०, म्हणजे ४८,००० रुपये. ५ टक्के जीएसटी २,४००. नमुन्याचे २,००० (नमुना साधारण दुप्पट दराने लावतात, मोठ्या ऑर्डरीत तो वजा करणार का ते आधी विचारा). तुमच्या नावाचं विणलेलं लेबल आणि पिशवी नगाला १२ प्रमाणे १,२००. टीसी २,५००. ट्रान्सपोर्ट, दोन्हीकडची हमाली आणि गोंदियाच्या गोदामातून नागऱ्यापर्यंतचा टेम्पो मिळून ३,५००. बेरीज ५९,६००. चार नग शिवणीत वाकडे किंवा डाग पडलेले निघाले, तर विकायला उरले ९६. एका नगाला ६२१ रुपये.

हे ८९९ एमआरपीला विकलं तर नगामागे २७८ उरतात. १० टक्के सूट दिली की १८८. त्यातून भाडं, वीज आणि न खपलेली मापं भागवायची आहेत. मापांत एक्सएल आणि डबल एक्सएल जास्त घ्या. स्मॉल पडून राहतं.

तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून महाग नगाला १८ टक्के जीएसटी आहे. जुन्या दरपत्रकावर १,००० रुपयांवरच्या नगाला १२ टक्के लावलेले दिसले, तर दुरुस्त करून घ्या.

बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, ‘टू-पे’ लिहिलं असेल तर भाडं तुम्ही देणार, ‘पेड’ असेल तर विक्रेत्याने दिलेलं आहे. ‘फ्री डिलिव्हरी’चा अर्थ बहुतेक वेळा गोंदियाच्या, कधी नागपूरच्या गोदामापर्यंत एवढाच असतो. गोदामात माल पडून राहिला की दिवसाचं भाडं वेगळं. बिल्टीचा फोटो माल निघाला त्याच दिवशी मागा.

वरच्या हिशेबात माल आणि कर मिळूनच ५०,४०० होतात. ५०,००० च्या वर मूल्य गेलं की राज्याबाहेरून येणाऱ्या मालाला ई-वे बिल लागतं. ते विक्रेता काढतो. तुमचा जीएसटी नंबर नसला तरी निघतं. ‘दोन बिलं करतो, ई-वे नको’ असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. वाटेत माल अडला तर कराच्या २०० टक्के दंड भरून तो सोडवावा लागतो. ‘कच्च्या बिलावर घ्या, ५ टक्के वाचतील’ हीही तशीच सूचना. कच्च्या बिलावर टीसी निघत नाही, खराब माल परत जात नाही.

जीएसटी नंबर काढावा का

वर्षाची उलाढाल ४० लाखांखाली आणि विक्री फक्त महाराष्ट्रात असेल तर सक्ती नाही. तिरुपूरहून खरेदी केल्याने सक्ती होत नाही, ती विक्रीवरून ठरते. नागऱ्याची अडचण वेगळी आहे. मध्य प्रदेशातलं बालाघाट दारात आहे, छत्तीसगड फार दूर नाही. बालाघाटच्या गिऱ्हाइकाने दुकानात येऊन शर्ट नेला आणि बिलावर तुम्ही त्याचा पत्ता लिहिला नाही, तर ती विक्री महाराष्ट्रातली. पण बालाघाटला किंवा डोंगरगडला एक पार्सल जरी पाठवलं, तरी ती आंतरराज्य विक्री आणि पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. ऑनलाइन बाजारपेठांवर नोंदणीशिवाय विकायचं तर राज्यातल्या राज्यातच, आणि त्यासाठीही जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर लागतो.

कॉम्पोझिशन योजनेत व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का कर आहे, पण गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, खरेदीवरचा कर परत मिळत नाही आणि राज्याबाहेर विकता येत नाही. नुसत्या दुकानाला ठीक, पार्सलवाल्यांना निरुपयोगी.

नोंदणीचं सरकारी शुल्क शून्य. पॅन, आधार, फोटो, बँकेचा रद्द चेक, जागेचा पुरावा. जागा स्वतःची असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा घरपट्टीची पावती, भाड्याची असेल तर करारनामा आणि घरमालकाचं वीजबिल. नोंदणीनंतरचा खर्च लोक विसरतात. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं. उशीर झाला तर शून्य विवरणपत्राला दिवसाला २० रुपये, नाहीतर ५०.

उद्यम नोंदणीही फुकट आहे. आधार आणि पॅन पुरतात, प्रमाणपत्र ऑनलाइन मिळतं. सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं यासाठी पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते पाहा. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकान कायद्याखाली परवाना नको, ऑनलाइन सूचना पुरते. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. पहिल्या ऑर्डरीला ६०,००० लागतात. सगळे कर्जाचे नसावेत.

स्वतःच्या नावाचा ब्रँड करायचा असेल तर कपड्यांचा ट्रेडमार्क वर्ग २५ आहे. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गासाठी ४,५००. हे पहिल्या वर्षी करू नका. माल खपतो का ते पाहा, मग करा.

लेबलावर काय, बोर्डावर काय

सुटा टांगलेला कपडा विकत असाल तर चार गोष्टी हव्यात: उत्पादक किंवा विपणकाचं नाव, तक्रारीसाठी ईमेल आणि फोन, एस-एम-एलसोबत सेंटिमीटरमध्ये माप, आणि एमआरपी. एमआरपीत सगळे कर आलेले असतात, वर जीएसटी मागता येत नाही.

कारखान्याने लावलेलं जीओटीएस लेबल काढून तुमचं लावू नका. जसा आला तसा गिऱ्हाइकाला विकणाऱ्या किरकोळ दुकानदाराला स्वतःचं प्रमाणपत्र लागत नाही. लेबल बदललं किंवा पुन्हा पॅक केलं की लागतं. आमगाव, तिरोड्याच्या दुकानांना ठोक विकणार असाल तर नियम बदलतो. अशा मालाची उलाढाल वर्षाला २०,००० युरोंच्या आत असेल तर प्रमाणन संस्थेकडे नोंद पुरते, पुढे प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

बोर्डावर ‘पूर्ण नैसर्गिक’, ‘केमिकल-फ्री’, ‘बाळासाठी १०० टक्के सुरक्षित’ असं लिहू नका. पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत आणि ती व्यापाऱ्यालाही लागतात. फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जेवढं टीसीत आहे तेवढंच लिहा.

वेळ आणि पैसे कसे द्याल

नमुन्याला साधारण दोन आठवडे, ऑर्डर शिवायला महिना ते दीड महिना, वाहतुकीला आठवडा. जानेवारीच्या मध्याला पोंगल असतो आणि तिरुपूरचे कारागीर गावी जातात, दिवाळीतही तसंच. त्या काळातली तारीख कोणी दिली तर त्यात दोन आठवडे मिळवा.

नमुना आला की कापडावर ५० सेंटिमीटरची खूण करा, दोन वेळा धुवा, सावलीत वाळवा, पुन्हा मोजा. ४८ च्या खाली आलं तर कापड आधी आटवून घ्यायला सांगा. पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून रंग उतरतो का पाहा. एखाद्या गरोदर बाईला घालायला द्या आणि बसल्यावर कुठे ओढतं ते विचारा.

ॲडव्हान्स ३० टक्क्यांवर देऊ नका. ६० टक्के पैसे माल निघताना, उरलेले १० टक्के टीसी हातात आल्यावर. कारखानदार कुरकुरेल, पण पहिल्या ऑर्डरीतच हे ठरवता येतं, नंतर नाही. पैसे कंपनीच्या चालू खात्यात टाका, मालकाच्या खासगी नंबरवर नको.

आणि हे सगळं लेखी ऑर्डरीत घ्या: कापडाचं वजन, धाग्याची टक्केवारी, मापं, रंग, नग, तारीख, टीसी कोण देणार, खराब नगांचं काय. कारण पुनर्विक्रीसाठी माल घेणारा कायद्याने ‘ग्राहक’ धरला जात नाही. माल खराब निघाला तर गोंदियाचा ग्राहक आयोग तुमची तक्रार घेणार नाही, आणि बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत बहुतेक वेळा ‘वाद तिरुपूर न्यायालयाच्या कक्षेत’ असं छापलेलं असतं. ती ओळ ऑर्डर देण्याआधी वाचा, आणि शक्य असेल तर खोडून घ्या.